मार्गारेटचं स्थळ

सर्व लहानथोरांना, हयात नातेवाइकांना आणि विशेषतः इंग्लंड देशातल्या संबंधित कुटुंबाला पूर्ण गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घराण्याने सोलापुरात बसून एका इंग्लिश मुलीच्या लग्नात ढवळाढवळ केली होती. मुलीची संमती घेतली नव्हती. तिच्या आईवडिलांना विचारलं नव्हतं. आमच्यापैकी कुणी तिला प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं, आणि पाहणार तरी कुठे? ती माझ्या दहावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात राहत होती. आता माझे केस पिकलेत, मिलच्या जागी मंगल कार्यालय झालंय, आणि या प्रकरणातले बरेच साक्षीदार वर गेलेत. म्हणून सगळं नीट लिहून ठेवते. उद्या इंग्लंडहून कुणी विचारायला आलं, तर आमच्या सुनांची पंचाईत नको.

पुस्तकाच्या शेवटी एका नाटकाचा एकच प्रवेश दिला होता. नाटकाला काहीतरी भारदस्त नाव होतं, पण आमच्या घरात त्याला पहिल्या दिवसापासून 'मार्गारेटचं' एवढंच म्हणत. समुद्रकाठचं एक गाव. तिथे मार्गारेट नावाची मुलगी कोळ्यांच्या पोरांसाठी छोटीशी शाळा चालवते. तिला दोघांची मागणी. एक सर हंफ्री, गावचा जमीनदार, घोडे, शिकारी कुत्री, टेकडीवर बंगला. दुसरा टॉम, गरीब, घड्याळं दुरुस्त करणारा आणि सतत खोकणारा. प्रवेशात सर हंफ्री चहाला येतो, आधी हवामानावर बोलतो, मग कुत्र्यांवर, आणि मग सांगतो की लग्न झाल्यावर तुला त्या शाळेची काही गरजच पडणार नाही. मार्गारेट हातात किटली घेऊन उभी राहते, बोलायला तोंड उघडते, आणि पडदा पडतो. खाली प्रश्न: मार्गारेटने काय उत्तर द्यावे असे तुम्हाला वाटते? नाटक पुढे होतं म्हणे, पण पुस्तक करणाऱ्यांनी तेवढाच तुकडा कापून घेतला होता, दुकानदार चादरीचा नमुना कापून देतो तसा.

हा प्रवेश आम्हाला शिकवला बिराजदार सरांनी. सर मूळचे मैंदर्गीचे. घरी कानडी, शिक्षकांच्या खोलीत मराठी आणि वर्गात इंग्रजी बोलायचे, तेही डोळे मिटून, कारण डोळे उघडले की त्यांना आम्ही दिसत असू आणि इंग्लंड दिसेनासं होई. तिन्ही पात्रं ते एकटेच करायचे. सर हंफ्री व्हायचं असलं की लाकडी पट्टी तलवारीसारखी पट्ट्यात खोचायची. मार्गारेट झाली की डस्टरची किटली व्हायची, आणि चहा ओतताना वाफेऐवजी खडूची पूड उडायची. टॉमचा खोकला ते इतका मनापासून खोकायचे, की शिपाई एकदा तांब्याभर पाणी घेऊन धावत आला आणि सरांच्या पाठीवर थापट्या मारू लागला. एका मुलीने विचारलं, "सर, ते लोक चहाबरोबर स्कोन खातात म्हणजे काय खातात?" सरांनी डोळे उघडले, बराच विचार केला आणि म्हणाले, "स्कोन म्हणजे इंग्लिश लोकांची कडक भाकरी." आमच्या डोळ्यांपुढे लगेच सर हंफ्री आला, बंगल्याच्या ओट्यावर मांडी घालून, कडक भाकरी कुसकरून तिच्यावर शेंगाची चटणी आणि दही घेणारा. इंग्रजी साहित्य मला इतकं जवळचं पुढे कधीच वाटलं नाही. मागे लंडनला मुलाकडे गेले होते तेव्हा खरा स्कोन खाल्ला. सर फारसे चुकले नव्हते.

आता घर. मिलच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि दिवस भोंग्यावर चाले. वडील, म्हणजे अण्णा, मंद्रूपची शेती भावाकडे सोडून शहरात आलेले, आणि मिलच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, जॉबर होते. माग बिघडला की तो चालू करून द्यायचा हे त्यांचं काम. त्या खात्यात शेकडो माग एकदम खडखडत असत, आणि माणसाला माणसाच्या कानात ओरडावं लागे. त्यामुळे अण्णांचा आवाज कायमचा त्या मापाला बसला होता. ते रागीट मुळीच नव्हते, पण त्यांना हळू बोलता यायचं नाही. आणि दुःखाची गोष्ट अशी, की आपण हळू बोलतो असा त्यांचा ठाम समज होता. कुजबुजायचं असलं की ते मान वाकवत, तोंडाला हात आडवा लावत, आणि मग चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं कुजबुजत. एकदा चाळीतले एक गृहस्थ वारले. अण्णा भेटायला गेले, गंभीर चेहऱ्याने बसले, आणि आईकडे झुकून कुजबुजले, "ह्येच्याकडं माझी छत्री ऱ्हायली की गं." गेलेल्या माणसाचा मुलगा हुंदके देत आत गेला आणि छत्री घेऊन आला. अण्णा घरी येईपर्यंत म्हणत होते, "त्येला कसं कळलं?"

ऐकू न येणारा अभ्यास हा अभ्यासच नव्हे, असं अण्णांचं मत होतं. बंद पडलेला माग आणि मुकाट्याने वाचणारी पोरगी त्यांना सारखीच. म्हणून रोज संध्याकाळी आई चुलीपाशी भाकऱ्या थापू लागली की मी मोठ्याने वाचायचं, आणि ओळ वाचली की तिचा अर्थ सांगायचा. दारात बसून आमचे शेजारी रशीदचाचाही ऐकत. ते शिंपी होते, शाळेच्या गणवेशांना बटणं लावायचं काम घेऊन आमच्या उंबऱ्यावर येत, कारण त्यांच्या खोलीतला दिवा मंद होता आणि आमच्या खोलीतल्या गप्पा मोठ्या होत्या. मला अर्थ अडला की ताई सांगे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण विजू. ती शिक्षिका होण्याचा कोर्स करत होती आणि तिचं एक वर्ष राहिलं होतं. पण मंद्रूपच्या आत्याने तिच्यासाठी मोहोळचं एक बागायतदार स्थळ धरून आणलं होतं, आणि त्यांना लग्नाची घाई होती. ताईला आधी कोर्स पुरा करायचा होता. हे तिने आईला एकदा सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "मी काय सांगू बाई, आत्याबाई शब्द देऊन बसल्यात." अण्णांना सांगायची ताईची छाती नव्हती. आमच्या घरात मुलींना मारत नसत, उपाशी ठेवत नसत, फक्त विचारत नसत.

मार्गारेटला मात्र विचारायचं कुणी थांबेना. पुस्तकात ती जेमतेम एवढंच म्हणते, "आय अॅम फाँड ऑफ माय स्कूल, सर हंफ्री." मी म्हटलं, ताई, अर्थ सांग. ताई शेंगा फोडत होती. मान खाली घालून तिने सुरुवात केली. "मार्गारेट म्हणते, ही शाळा म्हणजे माझा जीव आहे. पोरं दारात माझी वाट बघत असतात. लग्नाला माझी ना नाही, पण एक वर्ष थांबलं तर कुणाचं काय बिघडणार आहे?"

"ताई, एक वर्ष कुठंय गं ह्यात?" मी पुस्तक उलटंपालटं केलं.

ताईने शेंगांच्या आडून मला असा चिमटा काढला, की आजही आठवला की दंड चोळते. "ओळींच्या मधे असतं ते. इंग्रजीत तसंच लिहितात."

पुस्तकातली मार्गारेटची वीतभर वाक्यं ताईच्या तोंडून तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगून येत. अण्णा मात्र पहिल्यापासून हंफ्रीच्या बाजूचे. 'हंफ्री' त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते त्याला 'हंप्री' म्हणत. "घोडं हाय, जमीन हाय, बंगला हाय. आनखी काय पायजे पोरीला? हंप्रीचंच पक्कं करा!"

दारातून चाचांनी दातात धरलेला दोरा तोडला आणि अण्णांना म्हणाले, "नागूभाई, घोडे कित्ता खाते मालूम है क्या? मैं बोलता घड्याळवाला अच्छा. हुनर हात में है, भुक्का नै मरने देता."

"पर खोकला हाय की त्येला!"

"खोकला तो मेरेकू बी है. मेरी बीवी भाग गई क्या?"

पलीकडच्या खोलीतून चाचींचा आवाज आला, "सोचरी हूँ!"

आई भाकरी उलटत म्हणाली, "सासू कुणाच्या घरात हाय, ते बघ आधी पुस्तकात." मी सगळा प्रवेश शोधला. हंफ्रीला आई नव्हती आणि टॉमलाही नव्हती. "मग कुठलाबी चालंल," आई म्हणाली आणि तिच्यापुरता विषय मिटला.

असा वाद ऐन रंगात आलेला असताना एका संध्याकाळी आत्या दारात उभी राहिली. अण्णांची थोरली बहीण, मंद्रूपचा बाजार उरकून, वांग्यांची पिशवी घेऊन एसटीने आलेली. तिच्या कानावर पहिलं वाक्य पडलं ते अण्णांचं, "हंप्री लई चांगला हाय, आता इचार कसला करायचा?" वांगी दारातच सांडली.

"कोण हंप्री?" आत्या कडाडली. "नाग्या, मी मोहोळच्यास्नी शब्द देऊन बसलीया, आन तू हितं दुसरं स्थळ बघतुयास व्हय? कुठला हाय त्यो? आपल्यातला हाय का?"

सगळ्यांनी एकदम समजावायला सुरुवात केली. शेवटी मी पुस्तक तिच्या नाकापुढे धरलं आणि प्रवेशाच्या वर छापलेलं मार्गारेटचं चित्र दाखवलं. आत्याने पदराने चष्मा पुसला आणि चित्र बराच वेळ न्याहाळलं. "पोरगी नाकीडोळी बरी हाय," ती म्हणाली. "पुस्तकातली असली म्हणून काय झालं? लगीन तर करायचंच की तिला." मग ती खाली बसली, प्रकरण पहिल्यापासून ऐकून घेतलं आणि हंफ्रीच्या बाजूने निकाल दिला. एवढी जमीन सोडून घड्याळं पुसत बसणारी मुलगी तिला मान्य नव्हती. शाळेचं काय, असं ताईने अगदी बारीक आवाजात विचारलं. "शाळा काय, भिताड हाय," आत्या म्हणाली. "हंप्री तिथं बैलं बांधंल."

ताई उठून आत गेली. मी तिच्या मागे गेले, तर ती पिठाच्या डब्याला टेकून उभी होती. मला वाटलं रडते आहे. ती म्हणाली, "इंग्रजीत बैलांना शाळेत बांधत नसतील ना गं?" मी ठामपणे नाही म्हणून सांगितलं. इंग्लंडबद्दल माझं ज्ञान तेव्हा कडक भाकरीपर्यंतच होतं, पण कुणीतरी ठाम असणं गरजेचं होतं.

माझी सहामाही जवळ आली तशी घरात घालमेल वाढली. कारण आता प्रश्न मार्कांचा होता, आणि घरात दोन तट पडले असताना उत्तर काय लिहायचं? अण्णांनी त्यांच्या पद्धतीने तोडगा काढला. माग अडला की मागाशी जायचं, या न्यायाने ते सरळ शाळेत गेले. पाळी संपवून, केसांत कापसाची पिंजर तशीच. आमचा वर्ग चालू होता. त्यांनी बिराजदार सरांना अदबीने व्हरांड्यात बोलावलं आणि कुजबुजले. आमच्या वर्गाने खिडकीतून ऐकलं, शेजारच्या वर्गाने भिंतीतून ऐकलं, आणि मुख्याध्यापिका बाई खोलीतून बाहेर आल्या.

"सर, त्या मार्गारेटचं पुढं काय झालं वो?"

सर गडबडले. "पुढचं अभ्यासक्रमात नाही."

"अभ्यासक्रमात न्हाय म्हंजे? लगीन झालं का न्हाय?"

"परीक्षेला तेवढाच प्रवेश आहे हो. पूर्ण नाटक इकडे मिळत नाही. मी स्वतः शोधलंय." सरांचा आवाज एकदम खाली गेला. मला वाटतं, तेही बिचारे वर्षानुवर्षं याच काळजीत असावेत.

अण्णांनी केसांतली पिंजर झटकली. मग म्हणाले, "म्हंजे पोरगी किटली घेऊन अजून तशीच हुबी हाय?"

सरांनी चष्मा काढला. "एका अर्थी, हो."

त्या दिवसापासून अण्णांचं जेवणात लक्ष लागेना. आमटी भुरकता भुरकता थांबत आणि कुठेतरी बघत. "इतकी वर्सं झाली," ते म्हणत, "एक मास्तर न्हाय, का एक इनिसपेक्टर न्हाय. कुणीबी तिला बस म्हन्लं न्हाय." आई म्हणे, "अवो, चित्रातली हाय ती." अण्णा म्हणत, "पर किटली गरम असंल की." हंफ्रीचं नाव ते हल्ली घेत नसत. टॉमचंही नाही. मात्र हे सगळं मार्गारेटपुरतंच होतं बरं का. त्यात ताई कुठेच नव्हती. मोहोळच्या मंडळींना रविवारी या म्हणून निरोप धाडला तो अण्णांनीच, आणि पाहुण्यांसाठी कपबश्या मागायला चाचांच्या घरी गेले तेही अण्णाच.

रविवारी मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील आणि एक मामा. आत्या सकाळपासूनच पैठणी नेसून बसली होती. शेजारी म्हणून रशीदचाचा अण्णांच्या बाजूला, इस्त्रीच्या सदऱ्यात. आईने पोहे दिले, शेंगाचे लाडू दिले. मी फडताळाजवळ उभी होते, जिथून सगळं दिसतं आणि आपण कामात आहोत असंही वाटतं. मुलगा सफारीत, गोरागोमटा, चांगला बोलका. सगळे थोडे अवघडलेले होते, तर त्यानेच घसा खाकरून सुरुवात केली.

"यंदा पाऊस लई कमी हाय," तो म्हणाला. "हवा कोरडीच हाय."

अण्णांचा लाडू हातातच थांबला. चाचांनी सावकाश मान वळवून अण्णांकडे पाहिलं. मला आतून काहीतरी गुदगुल्यांसारखं व्हायला लागलं.

मामा म्हणाले, "सांग की, तुझ्या टायगरचं सांग." मुलाचा चेहरा फुलला. त्यांच्याकडे एक अल्सेशियन कुत्रा होता. तो पुण्याहून आणला होता, तो काय काय खातो, कुणाकुणाला चावलाय, हे सगळं त्याने सविस्तर सांगितलं. अण्णा डोळे विस्फारून ऐकत होते. मला माहीत होतं ते काय करताहेत. ते पुढच्या वाक्याची वाट बघत होते, आणि ते येऊ नये म्हणून मनातल्या मनात नागनाथाला साकडं घालत होते.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. घरात ट्रे नव्हता, म्हणून चहा किटलीतून आणला होता आणि तिथेच कपात ओतायचा होता. तुम्हाला हे मी रचलेलं वाटेल. वाटू दे. ताईला विचारा, तिच्याकडे ती किटली अजून आहे, पोचा आलेली. तर ताई ओणवी होऊन चहा ओतू लागली आणि मुलगा तिला अगदी मायेने, जरासं हसून म्हणाला, "तुमचा कोर्स चालू हाय म्हनं. पर लगीन झाल्यावर शाळाबिळा करायची काय गरजच न्हाय पडायची. घरात सगळं हाय."

आत्या म्हणाली, "तेच की." मामा म्हणाले, "व्हय की." मुलाच्या वडिलांनी मान डोलावली. ताई सरळ उभी राहिली. हातात किटली, तोंड बोलायला उघडलेलं. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, सगळे बशीत चहा ओतण्यात गुंतले होते.

आता पुढचं काय झालं ते मी आधी सांगते, आणि अण्णांचं नेमकं वाक्य शेवटी ठेवते, कारण टाळीची जागा आधी खर्च करायची नाही हे मी बिराजदार सरांकडून शिकले. तर, मंडळी कोण हंप्री म्हणून एकमेकांकडे बघत उठली. कुणी भांडलं नाही. मुलाने तर जाताना ताईला, तुमी कायतरी सांगत होता का, असं विचारलंही, आणि ताईने त्याला सरळ सांगितलं. तो बरा मुलगा होता, पण वर्षभर थांबायला त्याच्या घरचे तयार नव्हते. आत्या दिवाळीपर्यंत अण्णांशी बोलली नाही. ताईचा कोर्स झाला, नोकरी लागली, आणि लग्नही तिने स्वतः हो म्हटल्यावरच झालं. त्या माणसाला घड्याळातलं काही कळत नाही, खोकला मात्र आहे. सहामाहीत मी उत्तर लिहिलं, की आधी मार्गारेटला खाली बसवावं आणि किटली कुणीतरी धरावी. बिराजदार सरांनी पूर्ण मार्क दिले.

तर त्या रविवारी, सगळे बशीतून चहा भुरकत असताना, अण्णांनी मान वाकवली, तोंडाला हात आडवा लावला, चाचांच्या कानाशी गेले, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे अगदी कुणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाले, "रशीदभाई, ह्यो तर हंप्रीच निघाला की वो! माझी पोरगी किटली घेऊन हुबी हाय, तिला इचारा की कुणीतरी!"